सात मिनिटं पुढे

ओपावाच्या विद्यापीठात वेंदुला
फिरत्या कृष्णविवराभोवती एक कण सोडून देते,
कागदावर.
तो लगेच कोसळत नाही.
लोकरीच्या गुंड्यावर धागा चढावा तसा
वर, खाली, तिरका, पुन्हा वर,
आणि एकदा गेलेल्या वाटेवर
परत पाऊल म्हणून टाकत नाही.

तरी हिशेब असतो.
वस्तुमान तर त्याच्या गाठीलाच बांधलेलं.
घड्याळ मागेपुढे केलं म्हणून विवराला फरक पडत नाही,
म्हणून ऊर्जा तेवढीच.
अक्षाभोवती जरा सरकून उभं राहिलं तरी दृश्य तेच,
म्हणून कोनीय संवेग तेवढाच.
तीन झाल्या. तिघींवर भागत नाही.
चौथी हवी, आणि चौथीसाठी विवराच्या अंगावर
कुठलीच खूण दिसत नाही,
कितीही निरखून पाहा.

शनिवारी ती कारविनाला जाते, बापाकडे.
आलोईस एकोणतीस वर्षं खाणीत उतरला.
जाताना खिळ्यावरचा पितळी बिल्ला घ्यायचा,
वर आलं की परत टांगायचा;
मोकळा खिळा म्हणजे खाली माणूस.
खाण बंद झाली त्या दिवशी बिल्ला त्याने खिशातच ठेवला.
"म्हणजे हिशेबाने मी अजून खालीच," म्हणतो,
आणि बटाट्याचं साल एका लांब पट्टीत काढत राहतो.

रविवारी ओस्त्रावाला, आईकडे.
ती ट्राम चालवायची.
अजूनही वळणांबद्दल बोलते: कुठे चाकं किंचाळतात,
कुठे म्हाताऱ्यांना आधी ओरडून सांगावं लागतं, धरून बसा.
बाप बोलतो फक्त खोलीबद्दल. सातशे मीटर. आठशे.
वेगळे होऊन बावीस वर्षं झाली,
एकमेकांचं नावही घेत नाहीत.

वेगळं करणं हे वेंदुलाच्याही कामातलं.
समीकरणातलं अंतर एका बाजूला ओढायचं,
कोन दुसऱ्या बाजूला.
डावीकडच्याला उजवीकडचं काही ठाऊक नसतं,
तरी दोन्हींकडे निघतो एकच आकडा,
न हलणारा.
तीच चौथी.

कॉफी गाळताना ती भिंतीवरचं घड्याळ बघते, मग फोन.
सात मिनिटं पुढे.
बापाकडचंही सातच मिनिटं पुढे.
पहिल्या पाळीची बस लवकर यायची, तेव्हापासून.
आता बस नाही, पाळी नाही,
खाली बोगद्यांत पाणी चढतंय.

"घड्याळ पुढे आहे, आई."
"माहीत आहे," आई म्हणते,
आणि हात वर नेऊन काच पुसते तेवढी.

परतीच्या गाडीत आठवतं, काल बापाने विचारलं होतं:
तुझा तो कण आत गेला, की त्याचा बिल्ला कोण टांगतं?
सीमा ओलांडतानाही चारी आकडे तसेच राहतात,
एवढं तरी सांगता आलं असतं.
तिने नुसती सालं गोळा केली होती.