थंय बघ

कोळंबच्या पुलाखाली ओहोटी लागली
की माझ्या दुकानात चिटपाखरू नसतं.
झेरॉक्स, रिचार्ज, लॅमिनेशन, आणि काचेवर
मीच चिकटवलेला कागद:
'ऑनलाइन पैशांचं खातं सुरू करून मिळेल'.

सत्यवती तारी आली ती भर भरतीला.
कमरेला ओली पिशवी, पिशवीत प्लास्टिक,
प्लास्टिकात रुमाल, रुमालात फोन.
"हॉटेलवालो आता कालवांचे पैशे हातात देना नाय.
म्हणता, नंबर दी.
माका नंबर करून दी."

आधी अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, नाही.
तर्जनी. नाही.
पदराला पुसून पुन्हा अंगठा. नाही.
चाळीस वर्षं खडकावरची कालवं फोडताना
कोयतीनं, शिंपांनी, खाऱ्या पाण्यानं
रेषा कधीच खरवडून नेल्या होत्या.
"म्हंजे मी कोण नाय?" तिनं विचारलं.
हसत नव्हती.

मग कार्ड काढलं. शेवटचे सहा आकडे,
मुदतीचा महिना, साल.
मग तिच्याच फोनातून बँकेला जायचा मेसेज,
आणि रेंज तर पुलाच्या मधोमध.
दुकान तसंच उघडं टाकून आम्ही चालत गेलो.
स्क्रीनवर ऊन पडत होतं, तिनं दोन्ही तळवे धरले,
वाऱ्यात दिवा धरतात तसे.

ओटीपी आला.
"हा कुणालाही सांगायचा नाही," मी म्हणालो,
"बँकेतून फोन आला तरी नाही. मलासुद्धा नाही."
म्हणालो खरा. रोज म्हणतो,
एसटीतला कंडक्टर 'पुढे सरका' म्हणतो तसं.

"आता चार आकडे तुझे तू ठरव.
जन्मसाल नको. एक-दोन-तीन-चार नको.
फोनचे शेवटचे चार नकोत."
आणि खिशातून निळी वही काढली.
"सांग, लिहून ठेवतो. विसरशील."

वहीत बेचाळीस नावं.
फिलोमिन आल्मेडा, शाळेतल्या पोळ मॅडम,
दाजी खोबरेकर, आईस फॅक्टरीतला इस्माईल.
प्रत्येकासमोर चार आकडे, माझ्या अक्षरात.
विसरून परत येतात म्हणून. भल्यासाठी.
कुणाच्या एका पैशाला हात लावला असेल
तर ह्या खाडीत... असो.

तिनं वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे,
तराजूचा काटा बघून झाल्यावर
तोलणाऱ्याकडे बघतात तसं.
"तू आत्ताच काय म्हटलंस?"
मी गप्प.
"मगे थंय बघ."

मी थंय बघितलं.
बांबूवर पाणकावळा पंख वाळवत होता.
एक होडी यंत्र बंद करून नुसतीच वाहत होती.
पाठीमागे तिचा श्वास चारदा थांबला,
मग पुन्हा चारदा, कारण फोन दोनदा विचारतो.
कसला असेल आकडा?
विचार करू नये, पण केला.

खात्री म्हणून तिला एक रुपया पाठवला.
पोचला. पडद्यावर पुरं नाव उमटलं.
तिनं बोटानं अक्षरांखालून वाचलं.
"हां. ही मी," म्हणाली,
आणि माझा रुपया रोख परत दिला.

त्या रात्री बेचाळीस फोन केले.
नंबर बदला, स्वतः बदला, मला सांगू नका.
"पैशे गेले काय रे?" फिलोमिननं तीनदा विचारलं.
पोळ मॅडम एवढंच म्हणाल्या, "वही होती?"
आणि फोन ठेवला. आठवडाभर दुकानावरून जाताना
समोरच्या बाजूनं गेल्या.

पानं फाडली, चुलीत घातली.
एक पान तेवढं राहिलंय.
दाजी खोबरेकरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
पेन्शन फोनवर येते, फोन कानाशी धरून बसतात.
"मी तोंड फिरवतो, दाजी, तुम्ही दाबा," मी म्हणालो.
त्यांनी पडद्यावरून अंगठा फिरवला,
काच नुसती गुळगुळीत.

"फिरय रे तोंड," म्हणाले,
"पण माका दिसता खंय?"