डोळे शेवटी

गुरुवारी सात वाजता
वर्कसॉपच्या मेथडिस्ट हॉलमध्ये
आम्ही दोन टेबलं जोडतो, वर हिरवं कापड,
कापडाखाली पुस्तकं सारून टेकड्या.
(पुस्तकं प्रार्थनेची. आजवर कुणी हटकलेलं नाही.)
नदी प्लास्टिकची. पूल बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचा.
मग नेव्हिल ओल्डरशॉ बुटांच्या खोक्यातून
आपलं सैन्य काढतो,
एकेक, फडक्यात गुंडाळलेलं,
कोंबडीखालून अंडी काढावीत तसं.

एकवीस वर्षं मी त्याच्याशी लढतोय.
माझे हिरवे, सुळेवाले, आरडाओरड करणारे.
त्याचे बुटके, दाढीवाले,
डोंगराच्या पोटात राहणारे.
बुटकेच का, असं मी कधी विचारलं नाही.
तो स्वतः अठरा वर्षं जमिनीच्या पोटात होता.
खाण बंद झाली, हातात पैसे टेकवले,
त्यातून त्यानं बायकोसाठी गालिचा आणला
आणि स्वतःसाठी शिशाचे चाळीस बुटके.
मॉरीन म्हणाली,
तुला अजून वर यायचंच नाहीये.

रंगवण्याची त्याची रीत ठरलेली.
आधी सगळं काळं.
मग काळ्यातून एकेक गोष्ट उजेडात आणायची:
कातडं, लोखंड, लोखंडावरचा गंज,
दाढीत अडकलेलं जेवण.
डोळे शेवटी.
चार केसांचा ब्रश,
छातीच्या दोन ठोक्यांमध्ये असते तेवढीच फट,
तेवढ्यात ठिपका.

गेल्या हिवाळ्यात उजवा हात त्याचं ऐकेना.
चहा बशीत, बशीतला बाहीवर.
फासे मात्र झकास पडू लागले,
खुळखुळवावे लागत नाहीत, म्हणाला.
सहा, सहा, पाच.
मी हसलो, मग
हसायला नको होतं असं वाटलं,
मग त्यानं माझे सात जण उचलून बाजूला ठेवले
तेव्हा काहीच वाटलं नाही.

फेब्रुवारीत त्यानं बारा नवे आणले.
चिलखतं लखलखीत, चेहरे कोरे.
मी म्हटलं, नियमांत डोळ्यांबद्दल अक्षरही नाही, मांड.
तो म्हणाला, आंधळे कसे पाठवू?
आणि झाकण लावलं.

शेजारच्या टेबलावरची टॅम्सिन, वय तेरा,
दातांना तारा, नखं कुरतडलेली,
न विचारता खोकं ओढून घेऊन बसली.
एक. दोन. जीभ दातांत.
अकरापर्यंत हॉलमध्ये कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही.
बाराव्याला तिला शिंक आली.

त्याचा एक डोळा शत्रूकडे,
दुसरा सरळ दाराकडे.
सॉरी, खरवडते, पुन्हा करते, ती कानापर्यंत लाल.
नेव्हिलनं त्याला ट्यूबलाइटखाली धरलं,
म्हणजे धरायचा प्रयत्न केला,
बुटका हवेत थरथरत राहिला.
राहू दे, तो म्हणाला.
आमच्या पाळीत असाच एक होता.
एक डोळा छताकडे, एक रस्त्याकडे.
टिंगल करायचो त्याची.
पुढं काही बोलला नाही.
टॅम्सिन म्हणाली, मग? वर आला का तो?
पोरांना विचारता येतं.
दरवेळी, नेव्हिल म्हणाला. दरवेळी तोच आधी.

त्या रात्री पुलावर
माझे नऊ, त्याचा तो एकटा, तिरळा.
मला एक सोडून काहीही चाललं असतं.
एक पडला.
पुन्हा टाकला. एक.
टॅम्सिन आपलं जंगल सोडून आमच्या टेबलाशी,
हॉलचा राखणदार हातात किल्ल्या घेऊन,
आणि मी, एवढा बाप्या,
फाशाला फुंकर मारतोय.

एक.

दहाला पाच कमी असताना दिवे गेले, म्हणजे घालवले.
अंधारात नेव्हिल झटपट आवरतो,
तिथं त्याचा हात कुणाला दिसत नाही
आणि त्याला सवय आहे.
अकरा फडक्यांत, अकरा खोक्यात.
बारावा कोटाच्या वरच्या खिशात,
डोकं बाहेर.

पूल तुझाच, मी म्हटलं,
पण चाल माझी आहे, लिहून ठेव.
तू लिही, तो म्हणाला.