तीन टन

आल्सीड गिद्रीनं दार उघडलं आणि उंबऱ्यातच सांगितलं:
आत्ता आहे ते पाच टनांचं.
सहाचं बसव. पैसे आहेत.

मी बूट काढले. राहू दे म्हणाला.
पण कुणाच्याही घरात शिरताना
आई मागे उभी आहे असं वाटतंच मला.

लुइझियाना, ह्यूमा गावाबाहेर, खाडीच्या कडेला
विटांच्या खांबांवर उभं लाकडी घर.
आत गार होतं. गार आणि ओलं,
सोललेल्या कोळंबीसारखं.

मिठात तांदूळ घातलेले, तरी मिठाचा गोळा.
पाकिटं कुणी न चाटता चिकटलेली.
कपाटात त्याचे चर्चचे बूट,
त्यांच्यावर हिरवी लव, वासराच्या कानासारखी.
पियानोची एक पट्टी दाबली की खालीच राहते.
व्हर्ली म्हणाली, ती सोडून वाजवते मी,
सवय झालीय बोटांना.

मशीन सुरू झालं. मी घड्याळ लावलं.
सात मिनिटं. धडधड, गारठा, चूप.
उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग:
येतो, हार घालतो, पंगत बसायच्या आत पसार.
हवेतलं पाणी तसंच बसून राहतं,
जेवायला बोलावून
ताट न वाढलेल्या पाहुण्यासारखं.

मग टेप काढली.
खिडक्या चौदा. पश्चिमेला पाच.
मागच्या दाराखालून बोटभर उजेड.
माळ्यावर अख्खा जुलै कोंडून ठेवलेला,
त्यात रांगत गेलो तर
पत्र्याचा सांधा सुटलेला, गार वारा सरळ छपराखाली.
किती वर्षं ही माणसं
खारींचं बिल भरत होती कोण जाणे.

खाली येऊन घाम पुसला, कागदावर बेरीज केली.
तीन, मी म्हणालो.
तीन काय?
तीन टन.

एकतीस वर्षं टगबोटीवर कप्तान होता माणूस.
त्याला कमी इंजिन घे असं
आजवर कुणी सांगितलं नव्हतं.
मानेपर्यंत लाल झाला.
बुई, तुझ्या बापाची बोट होती ना?
जा, त्याला सांग इंजिन लहान कर म्हणून.

होती. आणि बाबा जाळं ओढायचे
माणूस चालतो त्या वेगानं. रात्रभर.
लहानपणी मी विचारलं होतं, जोरात का नाही?
जोरात ओढलं की जाळं तळ सोडतं,
कोळंबी खालून हसत निघून जाते.

हे मी त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही.
टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली.
व्हर्लीनं सही केली.

सांधा बांधला, दाराला रबर लावलं,
तीन टनांचं बसवलं, हळू चालणारं.
तिसऱ्या रात्री अकराला फोन:
हे थांबतच नाहीये.
थांबू नका देऊ.
बिघडलंय?
नाही. हे त्याचं काम.
जरा वेळानं म्हणाला, ती धडधड नसली
की मला झोप येत नाही रे.
त्यावर माझ्याकडे पार्ट नव्हता.

सकाळी व्हर्लीचा फोन. पाइपखाली बादली ठेवली होती,
काठोकाठ भरली.
एवढं सगळं आमच्या घरात होतं?
होतं.
कुठे?
पडद्यांत, म्हणणार होतो. गाद्यांत,
प्रार्थनेच्या पुस्तकांत, बुटांत.
म्हणालो, लिंबाच्या झाडाला घाला.

ऑक्टोबरात पुन्हा त्यांचा नंबर.
हॅलो म्हणालो. कुणी बोललं नाही.
पलीकडे एक सूर वाजला. सुटला.
पुन्हा वाजला.
मग लांबून आल्सीडचा आवाज:
त्याला सांग, दुसरा हप्ता सोमवारी.