दीड ते अडीच

डिचोलीच्या मामलेदार कचेरीत
दुपारी दीड ते अडीच कुणी फिरकत नाही.
मी शिकलो ते त्या तासात.

एर्मेलिंडा, माझ्याहून सतरा वर्षांनी लहान.
भज्यांचं तेल रुमालाला पुसायची,
पण कीबोर्ड कधी स्वतःकडे ओढायची नाही.
"तुमीच करा."

एकदा अख्खा रकाना पुसला गेला,
मयेचे एकशे बारा खातेदार.
मी खुर्चीतून उठलोच.
ती चहात पाव बुडवत राहिली:
"कंट्रोल. झेड. दोन्ही एकदम."
परतले सगळे, सर्व्हे नंबरांसकट.

तिची बदली काणकोणला झाली.
आज पावणेदोनला साहेब स्वतः आले,
लॅपटॉप काखेत, दार हळूच लोटून.
"जरा बघता?"

माझा हात कीबोर्डकडे गेला.
तो मी खिशात घातला.