काळा रंग किती काळा

यॉर्कटन. जानेवारी. बाहेर उणे चौतीस.
ओरेस्टनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर
तीन डीव्हीडी प्लेयर मांडलेत.
दोन दुकानातले, चौदा दिवसांत परत करता येणारे,
एक शेजारच्या वॉल्टरकडून उसना.
वहीत रकाने आखलेत, गव्हाचा हिशेब मांडावा तसे:
चित्र. आवाज. रिमोट. कटकट.

तपासायला तबकडी एकच.
आमचं लग्न, टेपवरून उतरवून घेतलेलं.

पहिला चंदेरी, नाकापेक्षा मोती जड.
माझ्या गालावरची पुटकुळी दिसली,
जी मी त्या दिवशी पावडरीखाली पुरली होती.
रिमोटवर त्रेपन्न बटणं, मुंगीएवढी.
"हातमोजे घालून दाबता येत नाहीत," त्यानं लिहिलं.
घरात हातमोजे कोण घालतं?
"भट्टी बंद पडली की सगळेच."

दुसरा कामसू नाही, पण देखणा.
बटण दाबलं की अकरा सेकंद विचार करतो.
काळा रंग मात्र ओल्या डांबरासारखा.
"हा खरा काळा," ओरेस्ट म्हणाला,
आणि खुर्ची पुढे ओढून बसला.
देवळात मेणबत्त्या, मेणबत्त्यांमागे काहीच नाही,
मागचे बाक कुणी रातोरात उचलून नेल्यासारखे.

वॉल्टरच्या प्लेयरचा ट्रे अडकतो.
लोण्याच्या सुरीनं उचकावा लागतो.
रिमोटला बटणं सात, त्यातलं एक मुकं.
काळा इथे राखाडी,
धुऊन धुऊन विटलेल्या सुटासारखा.
चित्राला त्यानं दहापैकी चार दिले.
खोडून तीन केले.

मग पाद्री आमच्या डोक्यांवर मुकुट ठेवतो,
आणि मागे, दाराशी, त्या विटक्या राखाडीत
एक माणूस उभा आहे.
टोपी हातात. डावा खांदा उतरलेला.

ओरेस्टनं चित्र थांबवलं.
या प्लेयरवर थांबलेलं चित्रही थरथरतं.

मेट्रो. थोरला भाऊ.
तळ्याकाठच्या एकशेसाठ एकरांवरून बोलणं तुटलेलं.
"लग्नालासुद्धा आला नाही"
हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं,
कुठल्याही जेवणात पडायचं.

तीन मिनिटं बेचाळीस सेकंद तो उभा आहे.
मग दार किलकिलं होतं,
बर्फाचा उजेड चटकन आत येतो, जातो,
आणि तो नाही.
त्या उजेडाला आम्ही इतकी वर्षं
टेपमधला दोष समजत होतो.

ओरेस्टनं पुन्हा पहिला जोडला. तीच जागा शोधली.
अंधार, स्वच्छ, नीटनेटका.
दुसरा जोडला. अकरा सेकंद. डांबर.
तिसरा जोडला.
टोपी. खांदा.
मी चहा ठेवला, तो कुणी प्यायला नाही.

वहीत त्यानं आणखी एक रकाना आखला.
त्याला नाव दिलं नाही.

मेट्रो हल्ली मेलव्हिलच्या वृद्धाश्रमात असतो.
चाळीस किलोमीटर, रस्ता सरळ.
त्याबद्दल त्या रात्री कुणी बोललं नाही.
फक्त झोपताना ओरेस्टनं विचारलं,
"तिथे त्यांच्याकडे टीव्ही असेल ना?"

शनिवारी दोन खोकी दुकानात परत गेली.
रविवारी वॉल्टर त्याचा प्लेयर मागायला आला.
ओरेस्ट दारातच उभा राहिला, म्हणाला,
ट्रे अडकलाय, तबकडी आतच राहिलीय,
काही केल्या निघत नाही.

लोण्याची सुरी तेव्हा
त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होती.