कित्ता

माझगावच्या पतपेढीतून भुवडकाकांचा फोन:
"मॅडम, तुमच्या नव्या सिस्टीमनं
माझे सगळे खातेदार
एक दिवस आधी जन्माला घातलेत."

मी हसते. ते हसत नाहीत.

सर्व्हर मरोळला, सातव्या मजल्यावर, एसीत.
क्लायंट त्यांच्या काउंटरवर, डिंकाच्या बाटलीशेजारी.
अख्खा माणूस उसवायचा इथं,
नाव, पत्ता, तारीख, कंसात कंस,
एका सुतावर ओवून सोडायचा
आणि तिकडच्यानं तो पुन्हा उभा करायचा
गाठी त्याच जागी मारून.
आम्ही जन्मतारखेची मध्यरात्र पाठवली होती.
ग्रिनिचला तेव्हा
आदल्या संध्याकाळचे साडेसहा.

"मी तर मुंबई टायमातला," काका म्हणतात.
"एकोणचाळीस मिनिटं मागे असायचं शहर.
ते कुठल्या खान्यात भरू?"

त्याला खाना नाही.
मी तारखेतली वेळच काढून टाकते,
इकडेही, तिकडेही.
एकीकडेच केलं तर नुसतं भांडण.

रात्री अकराला सर्व्हर धापा टाकत आडवा.
लॉग उघडते. खाते क्रमांक सतराशे चार,
अनसूया बेर्डे, वारस मुलगी कुंदा.
कुंदाचंही खातं, वारस आई अनसूया,
अनसूयेची कुंदा, कुंदाची अनसूया,
तीस हजार ओळी
आईच्या पोटात मुलगी, मुलीच्या पोटात आई,
कंस उघडत गेलेले,
मिटलेला एकही नाही.

टेस्टिंगची आल्विरा खांद्यावरून वाचते,
डब्यातला फुगा मोडून अर्धा मला देते.
"सोपंय गं. पडदा टाक एकीकडे.
मुलीकडून आई दिसायला नको."
एका ओळीचं काम. मी लिहिते
आणि पुसते.
कुंदा पासबुक घेऊन उभी राहील
आणि काका वाचतील, वारस कोणी नाही.

मग लांबची वाट.
आईला एकदाच पूर्ण लिहायचं,
पुन्हा आली की नुसता आकडा, सतराशे चार,
वर सांगितलीय तीच.
काकांच्या जुन्या खतावणीत हे होतंच,
बोरूच्या वळणात: कित्ता.
पण क्लायंटलाही कित्ता वाचायला शिकवावं लागतं,
नाहीतर त्याला वाटतं
आई म्हणजे सतराशे चार.

पावणेदोन. सगळे कंस मिटले.
आल्विरा टेबलावर डोकं टेकून झोपलेली.

सकाळी पुन्हा काका.
"तारखा बरोबर. बेर्डेबाईंचंही बरोबर.
माझ्या खात्यात वारसाची ओळच दिसत नाही."

मी सांगते, रिकामी असली की आम्ही पाठवत नाही,
तेवढीच जागा वाचते.

पलीकडे पंख्याचा आवाज.
कुणीतरी पावतीवर शिक्का मारतं.

"पाठवा," काका म्हणतात.
"रिकामीच पाठवा.
ओळ असली तर
पेनानं तरी भरता येते."