वीस मिनिटं

डॉक्टर म्हणाले, रोज वीस मिनिटं, सपाट रस्ता.
बडोद्यात सपाट रस्त्यांना तोटा नाही,
तोटा गुडघ्यांना.

म्हणून काळ्या घोड्यापासून पूल,
आणि पुलावरून बागेच्या कुंपणाकडेनं
जिथवर काठ दिसतो तिथवर.
घड्याळ मुलाचं जुनं आहे, पाच मिनिटं पुढे.
ती पाच मी चालत नाही.

पुलाला जाळी ठोकलीय, निर्माल्य कुणी टाकू नये म्हणून.
जाळीतच अडकून सुकलेत झेंडूचे हार,
नारळाची शेंडी,
एक तसबीर, काच तडकलेली,
आतले देव कोण ते आता ओळखू येत नाही.
माझ्यापुढचा स्कूटरवाला थांबतो, इकडेतिकडे बघतो,
पिशवी जाळीवरून अलगद भिरकावतो, हात जोडतो,
हेल्मेट न काढता.

खाली विश्वामित्री.
नदी म्हणावी तर पाणी नाही,
नाला म्हणावा तर मगरी आहेत.
रंग पाहुणे वाढल्यावर पुरवलेल्या चहाचा.

पुढे उतारावर बाभूळ.
तिच्या फांद्यांना चिंध्या लोंबतात :
लेंग्याचा एक पाय, सोफ्याचं फुलाफुलांचं कव्हर,
दुधाच्या पिशव्या, सगळ्या एकाच दिशेला ओढलेल्या.
माझ्या डोक्यावर दोन हात.
इथे मी रोज थांबते, मान वर करते.
पुरात पाणी तिथे होतं.
म्हणजे आत्ता मी नदीच्या तळाशी उभी आहे,
पर्स काखेत घट्ट धरून.

पाटीवर गुजरातीत लिहिलंय, सावधान, मगर.
खाली कुणी कोळशानं भर घातलीय :
बपोरे ऊंघे छे.

पण आता दुपार नाही, साडेपाच झालेत.
निलगिरीवर वटवाघळांची कामावर निघायची घाई,
एकमेकांच्या पायावर पाय,
आणि खाली खासगीवाले त्यांची वही घेऊन.
रेल्वेतून निवृत्त. आयुष्यभर डबे मोजले,
आता मगरी.

"आज सात," ते म्हणाले, मी न विचारता.
मी बोट दाखवलं, पलीकडच्या चिखलात.
"आठ."
"ते लाकूड आहे, वहिनी."
"लाकडाला शेपूट?"
"फांदी आहे ती."
"कालपर्यंत नव्हती."
"पाण्यानं आणली."
"पाणी तर हलतही नाही."

मग आम्ही दोघं गप्प बसलो त्या लाकडाकडे बघत.
एक बगळा त्याच्यावर उतरला, चालला,
अगदी टोकापर्यंत गेला,
आणि तिथे उभा राहून पंखाखाली खाजवू लागला.
"बघा," खासगीवाले म्हणाले.
बगळ्याचं म्हणणं मला पटलं नाही.
बगळे काय, मंत्र्याच्या गाडीवरही बसतात.

पलीकडच्या झोपडीतून बाई आली, बादली उपडी केली,
नदीकडे बघितलंही नाही, परत गेली.
मागे शाळा सुटल्यासारखा आवाज, पोपट असावेत.
कुठूनतरी सेव-उसळीच्या तर्रीचा वास.
मी घड्याळ बघितलं :
पस्तीस मिनिटं, त्यातली पाच खोटी.
बराच वेळ गुडघा काही बोलला नव्हता.

अंधार पडायला लागला तसं
खासगीवाल्यांनी वही उघडली, तारीख घातली,
पेन झटकलं, थोडं थांबले,
आणि माझ्याकडे न बघता लिहिलं :
सात.
पुढे, अगदी बारीक अक्षरात,
व एक लाकूड, उद्या बघणे.